आरटीईची पोरं नववीला जातात कुठं?

दरवर्षी आरटीईची सोडत निघाली की मी बातमी देतो. किती अर्ज आले, किती जणांचे नंबर लागले, कागदपत्रं पडताळणीची शेवटची तारीख कोणती. या प्रवेशाचं दुसरं टोक मात्र कधी लिहिलं नाही. गेल्या वर्षी ते माझ्याच घरात आलं, तेव्हा ध्यानात आलं.

आधी कायदा थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. खासगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांची फी सरकारनं शाळेला भरून द्यायची. (ती वेळेवर येत नाही ही संस्थाचालकांची ओरड असते, आणि ती काही खोटी नाही.) दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर घरचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत पाहिजे. जातीच्या दाखल्यावर वंचित घटकातून येणाऱ्यांना उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला होता, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला.

म्हणजे पहिलीचं दार उघडं राहिलं. पण हा कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. नववीला तेच पोरगं, तीच शाळा, तोच बाक. फी मात्र पूर्ण.

माझी मुलगी दुर्बल घटकातून पहिलीला लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. तालुक्याच्या गावची इंग्रजी शाळा. तिच्या वर्गात डॉक्टरची मुलगी, कृषी सेवा केंद्रवाल्याचा मुलगा, दोन-तीन सरांची पोरं. बसचे पैसे आम्हीच भरायचो, गॅदरिंगच्या ड्रेसचेही, पण चाललं. डॉक्टरच्या पोरीच्या घरी वाढदिवसाला जाऊन आली की सांगायची, त्यांच्याकडं वेगळी अभ्यासाची खोली आहे. पुढं काय व्हायचं विचारलं तर दोघींचं उत्तर एकच, डॉक्टर. आठ वर्षं एका बाकावर बसल्यावर दुसरं उत्तर येणार तरी कुठून.

आठवीच्या शेवटी शाळेनं बोलावून घेतलं. नववीची फी २८ हजार, बसचे ९ हजार वेगळे. भरणार की दाखला नेणार? त्या साली माझं सोयाबीन ४,१०० नं गेलं होतं. ३७ हजार म्हणजे नऊ क्विंटल, आमच्या कोरडवाहू रानात एका एकराचा सगळा माल, आणि त्यात खत-बियाणं-काढणी धरलेली नाही. दाखला घेतला.

डॉक्टरची मुलगी लातूरला गेली, नववीपासूनच फाउंडेशनच्या क्लासला. आमच्या केज-अंबाजोगाई पट्ट्यातून नीटसाठी लातूर गाठणं नवीन नाही, पण आता ते दहावीच्या आधीच सुरू होतं. ज्यांना परवडतं त्यांचं.

तुम्ही म्हणाल, शिष्यवृत्त्या आहेत की. आहेत, आणि मेख तिथंच आहे. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पण ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या पोराला बसताच येत नाही. सरकारनंच गरीब म्हणून त्या शाळेत घातलेलं पोर, आणि त्या शाळेत आहे म्हणूनच गरिबाच्या शिष्यवृत्तीतून बाद! मी गटशिक्षण कार्यालयात दोनदा विचारून खात्री केली. साहेब म्हणाले, नियमच तसा आहे.

बारावीनंतर पुन्हा मदत सुरू होते. जुलै २०२४ च्या निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफी पूर्ण झाली. चांगलंच झालं. पण तिथवर पोहोचायचं तर नववी ते बारावी ही चार वर्षं आधी काढावी लागतात, आणि कुणाची पोर डॉक्टर होणार, कुणाची नाही, हे आपल्याकडं याच चार वर्षांत ठरतं.

आता ज्यांची आरटीईची पोरं सहावी-सातवीत आहेत त्यांनी काय करावं? शाळेकडून नववीची फी आत्ताच लेखी मागून घ्या. फी झेपणार नाही हे पक्कं असेल तर दाखला सातवीनंतरच काढून अनुदानित शाळेत आठवीला घालायचा विचार करा, म्हणजे निदान एनएमएमएसला बसता येईल. सेमी इंग्रजीचा वर्ग असलेली शाळा बघा. गणित-विज्ञान इंग्रजीतच राहतं, अडचण इतिहास-भूगोलाच्या मराठीची येते. आणि नवोदय फक्त सहावीला असतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. रिकाम्या जागांसाठी नववीचीही निवड परीक्षा होते. तिला आपल्या जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळेत आठवीत शिकणारी मुलंही बसू शकतात. तिथं राहणं-खाणं फुकट असतं. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी आहे, पण मुलींना, एससी-एसटीला आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. अर्जाची तारीख आली की इथं बातमी देईनच.

आमची मुलगी आता गावातल्या हायस्कुलात आहे. पहिल्या चाचणीत विज्ञानात वर्गात पहिली आली आणि इतिहासात काठावर पास झाली, कारण उत्तर माहीत असून मराठीत लिहिता येईना. सध्या रोज संध्याकाळी मी तिच्याकडून शुद्धलेखनाचं एक पान लिहून घेतो. मागच्या आठवड्यात मोठी बहीण घरी आली होती, तिनं विचारलं, काय होणार गं पुढं? पोर माझ्याकडं बघून म्हणाली, बघू, नर्सिंग वगैरे.

नर्सिंग वाईट नाही. पण आधी तिचं उत्तर द्यायला माझ्याकडं बघावं लागत नव्हतं.