विलायती पुस्तकांची बारशी

'द मिल ऑन द फ्लॉस' या कादंबरीतली पाणचक्की फ्लॉस नदीवर नाही. ती आहे फ्लॉसला मिळणाऱ्या एका छोट्या प्रवाहावर. ही चूक कुणा चिकित्सक वाचकाने काढली नव्हती. खुद्द लेखिकेनेच ती प्रकाशकाच्या कानावर घातली होती. जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स यांच्या मनात 'सिस्टर मॅगी' हे नाव घोळत होतं. जानेवारी १८६०मध्ये एडिंबराचे प्रकाशक जॉन ब्लॅकवुड यांनी चक्कीचं आणि नदीचं नाव सुचवलं. चक्की नेमकी त्या नदीवर नाही आणि हे नाव तोंडात बसायला जड आहे, अशा दोन हरकती एलियट यांनी नोंदवल्या आणि नाव मान्य केलं. मुळात फ्लॉसही काल्पनिक; तिच्यात लिंकनशायरच्या गेन्सबरो गावची ट्रेंट नदी दिसते.

आपल्याकडे बाळाचं नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ब्रिटिश पुस्तकांच्या बारशाला अनेकदा प्रकाशकच आत्या होऊन येतो, आणि या आत्याला नद्या, झाडं, टेकड्यांचा भारी सोस. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' उघडलं की आत खरोखर ऋतूच भेटतात. तो भरवसा इथे धरू नये.

कधी बाजाराची हवा हेच काम करते. टॉमस हार्डी आपल्या दुसऱ्या प्रकाशित कादंबरीला 'द मेलस्टॉक क्वायर' म्हणणार होते. गोष्ट होती खेड्यातल्या चर्चमधल्या वादक-गायकांची, तेव्हा नाव रास्तच होतं. पण त्या सुमारास कवितेतून उचललेल्या शीर्षकांची चलती होती. मग शेक्सपिअरच्या एका गाण्यातून हिरवं झाड आलं आणि १८७२मध्ये पुस्तक 'अंडर द ग्रीनवुड ट्री' म्हणून निघालं. हक्क विकून हार्डींना मिळाले ३० पौंड.

सगळ्यात गमतीची कथा मात्र केनेथ ग्रॅहम यांची. बँक ऑफ इंग्लंडचे सचिव असलेले हे गृहस्थ रात्री मुलाला चिचुंदरी, पाणउंदीर आणि एका बढाईखोर भेकाच्या गोष्टी सांगत. मुलगा दूर असला की त्याच गोष्टी पत्रांतून जात. त्यांचं पुस्तक झालं तेव्हा नाव ठरलं 'द विंड इन द रीड्स', म्हणजे वारा वेळूंतला, नदीकाठच्या बोरूंमधला. ते चपखल होतं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी चिचुंदरी बोरूंना कान लावून वाऱ्याची कुजबुजच तर ऐकते! पण डब्ल्यू. बी. येट्स यांचा 'द विंड अमंग द रीड्स' हा कवितासंग्रह १८९९मध्येच येऊन बसला होता. गोंधळ नको म्हणून वारा बोरूंतून उठून विलो वृक्षांत गेला आणि १९०८मध्ये मेथ्युएनने 'द विंड इन द विलोज' छापलं. गोष्टीत नदी आहे, रान आहे, वाराही आहे. पण शीर्षकातला तो वाऱ्या-विलोंचा शब्दप्रयोग मजकुरात नाही. कुणाचं काही अडलेलं मात्र दिसत नाही.

रिचर्ड ॲडम्स यांच्या सशांचंही तसंच. गाडीतून लांबच्या प्रवासाला निघालेल्या दोन मुलींसाठी रचलेली ही गोष्ट बऱ्याच प्रकाशकांनी नाकारली. हस्तलिखितावर दोन सशांची नावं होती, 'हेझल अँड फायव्हर'. छोटी प्रकाशनसंस्था चालवणाऱ्या रेक्स कॉलिंग्ज यांनी पुस्तक घेतलं आणि सशांच्या जागी टेकडी बसवली. १९७२चं 'वॉटरशिप डाउन' ते हेच. हॅम्पशायरमधली ही २३७ मीटर उंचीची, चुनखडीची टेकडी खरीखुरी आहे. ससे तिथे पोचेपर्यंत पुस्तकाचा जवळपास तिसरा हिस्सा उलटून जातो. तरी कॉलिंग्ज यांचा अंदाज बरोबर होता असं म्हणावं लागतं. सशांची नावं पाहून पुस्तक बालवाडीच्या कपाटात गेलं असतं. टेकडीच्या नावाने ते मोठ्यांच्याही हाती पडलं.

व्हर्जिनिया वुल्फ यांच्यावर असा कुणाचा दबाव नव्हता. पती लेनर्ड यांच्यासह १९१७मध्ये सुरू केलेली हॉगर्थ प्रेस ही त्यांचीच प्रकाशनसंस्था. तरीही त्यांच्या एका कादंबरीचं नाव फिरलं. आधी ते 'द मॉथ्स' होतं. लिहिता लिहिता त्यांना आठवलं, की पतंग दिवसा उडत नाहीत, आणि डायरीत तशी नोंद झाली. (काही जाती दिवसाही उडतात, हे कीटकतज्ज्ञ सांगतील, कादंबरीकाराला इतकं माफ असावं.) १९३१मध्ये ती 'द वेव्ह्ज' म्हणून आली. सहा जणांच्या स्वगतांमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतच्या समुद्राची वर्णनं पेरलेली आहेत, त्यामुळे इथे तरी लाटा शोधणाऱ्याला लाटा सापडतात. मुखपृष्ठ केलं ते बहीण व्हॅनेसा बेल यांनी.