अफरवटच्या उतारावरची गस्त

पहाटे साडेपाच. चिल्लई कलां चालू आहे, काश्मीरच्या हिवाळ्यातले सर्वांत कडक चाळीस दिवस. रात्रभर बर्फ पडलाय. गुलमर्गच्या स्की गस्तीपथकातला माणूस उठल्या उठल्या खिडकीशी जातो. बर्फ किती पडला हे तो नंतर बघेल, आधी त्याला वारा कुठून होता ते हवं असतं. पश्चिमी झंझावात एका रात्रीत कमरेइतका बर्फ टाकून जाऊ शकतो. वारा मात्र तोच बर्फ धारेच्या एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला रचत बसतो, आणि अशी रचलेली जाड पाटीच पुढे घात करते. अंगातल्या फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी, हातात खाऱ्या नून चायचा कप, आणि फोनवर हिमस्खलनाचा इशारा. हा इशारा एक ते पाच अशा पायऱ्यांत येतो. चारवर आकडा गेला की चहा थंड होतो.

साडेसात. गोंडोल्याचे, म्हणजे रोपवेचे, तंत्रज्ञ गस्तवाल्यांच्याही आधी कामाला लागलेले असतात. खालचा टप्पा १९९८चा, गुलमर्गच्या सुमारे २६५० मीटरवरून कोंगडोरीपर्यंत. वरचा २००५चा, कोंगडोरीहून अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरला. यंत्रणा फ्रेंच कंपनीची, पोमाची. पाळणा स्थानकात शिरला की तारेवरची पकड सुटते, तो रांगत पुढे सरकतो, माणसं बसतात, आणि बाहेर पडताना पकड पुन्हा तारेवर बसते. ती नीट बसली की नाही, खांबांवरच्या चाकांत बर्फ गोठलाय का, हे सगळं रिकामे पाळणे फिरवून पाहायचं. वाऱ्याचा वेग मोजायचा. २५ जून २०१७ला वाऱ्याने उन्मळलेलं झाड गोंडोल्याच्या तारेवर पडलं आणि ७ जणांचा जीव गेला. तो तर ऐन उन्हाळा होता. त्यामुळे वारा वाढलाय असं म्हणून कोणी पाळणे थांबवले, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी ही तारीख आठवावी.

साडेआठ. गस्तवाले वर. माथ्याजवळच्या सुरक्षित उतारावर एक जण फावड्याने खड्डा खणतो आणि बर्फाची भिंत सरळ कापतो. त्या भिंतीत आख्खा हिवाळा थरांनी मांडलेला असतो. कोरड्या, कडक थंडीत जमिनीलगतचा बर्फ साखरेसारखा सुटा होतो, एकमेकांना धरतच नाही, आणि वर पडलेला सगळा बर्फ त्याच्यावर टेकलेला असतो. मग एक खांब मोकळा कापायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मनगटाच्याच थापांना खांब सरकला, तर बोलायला काही उरत नाही. गोंडोल्याच्या आसपासच्या खोऱ्यात गरज पडल्यास सुरुंग लावून सैल बर्फ आधीच पाडतात, म्हणजे नंतर तो माणसावर पडत नाही. धोका साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, आणि चांगल्या स्कीवाल्याला नेमके तेच उतार आवडतात. सगळी गोम इथे आहे.

दहा. खाली काउंटरवर रांग, तिच्यात मराठी मंडळीही हमखास. दुसरा टप्पा अजून बंद. "पैसे भरून एवढ्या लांबून आलोय!" वर आभाळ निळं, ऊन लख्ख, मग अडतंय कुठे? अडतं ते असं, की बर्फ थांबल्यानंतरचा पहिलाच लख्ख दिवस सर्वांत फसवा असतो. नव्या बर्फाला अजून बसायला वेळ मिळालेला नसतो.

साडेअकरा. टप्पा उघडला. आता गस्तवाल्याची जागा दोरीपाशी. दोरीच्या अलीकडचं खोरं तपासलेलं, पलीकडे उघडा डोंगर. पलीकडे जाणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या : बीकन आहे? फावडं आहे? शोधकाठी आहे? बीकन अंगावर बांधलेलं असतं, ते संदेश सोडतं आणि सोबत्याच्या बीकनला सापडतं. सोबत्याच्याच, कारण गाडलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत निघाला तर बहुधा वाचतो. पुढे शक्यता झपाट्याने घसरते आणि बचावपथकाला पोहोचायलाच तेवढा वेळ लागतो. एकट्याच्या अंगावरचं बीकन फक्त प्रेत शोधायला उपयोगी. हे कटू वाक्य गस्तवाले तोंडावर बोलतात, आणि बोलावंच. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले, २२ फेब्रुवारी २०२४ला एक रशियन. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१०ला खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ते तर डोंगरातच शिकलेले होते. बर्फ कोणाची पदवी बघत नाही.

दोन. खालच्या मैदानात वेगळीच जत्रा. भाड्याच्या स्की, भाड्याचे बूट, स्लेज ओढणारे, फोटोवाले. इथे हिमस्खलनाची भीती नाही, मोडतात ती मनगटं आणि गुडघे. जगभरच्या स्की-उतारांवरचा एक दंडक असा की पुढच्याला हक्क मागच्याआधी : वरून येणाऱ्याने वाट शोधायची, खालच्याने नव्हे. आणि थांबायचं तर कडेला, उंचवट्याआड मधोमध नाही. सेल्फीवाल्यांना हे समजावणं हे दुपारचं मोठं काम. कोणी पडलंच तर स्लेजवर आवळून बांधायचं, एक जण पुढे, एक मागे, आणि सावकाश खाली. तिथून पुढे रस्त्याने टंगमर्ग तेरा किलोमीटर, श्रीनगर पन्नासेक.

चार. झाडणी. शेवटचा प्रवासी उतरला की गस्तवाले डोंगराच्या रुंदीभर पसरून वरून खाली येतात, हाका मारत, झाडांमागे बघत. कोणाचा पत्ता लागत नसेल तर टॉर्च काढून पुन्हा वर.

सहा. वहीत नोंद : किती बर्फ, वारा कुठून, कुठला उतार सुटला. बीकनची बॅटरी तपासून उद्याची तयारी. ज्या दिवशी वहीत सांगण्यासारखं काही नसतं, तो दिवस चांगला गेला असं समजायचं. अशा दिवसाची बातमी होत नाही आणि पगारही त्यामुळे वाढत नाही.

तेव्हा गुलमर्गला जाल आणि 'दुसरा टप्पा बंद' अशी पाटी दिसेल, तर काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. कोंगडोरीपर्यंत जा, कहवा प्या, आणि वरच्यासाठी हातात एक दिवस जास्तीचा ठेवूनच तिकीट काढा.