वाटीचें माप आणि काट्यावरचें वजन

धान्य मापावें आणि गूळ तोलावा, हा भेद आपल्या जुन्या व्यवहारांत लहान मुलांसहि ठाऊक असे. दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हें कोष्टक घरोघर पाठ असे. ‘शेर’ हा शब्द मात्र दुहेरी होता. धान्याचा शेर हें माप. ८० तोळ्यांचा पक्का शेर हें वजन, म्हणजे सुमारें ९३३ ग्राम. सन १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनमापें आलीं व बाजारांतून शेर हळूहळू गेला. स्वयंपाकघरांत मात्र वाटीच राहिली.

आज मालवण-वेंगुर्ल्याकडील कित्येक घरांतील मुली-सुना मुंबईस किंवा परदेशीं संसार करितात. त्यांच्या हातीं ग्रामांचा काटा असतो, आणि सासूबाईंनीं सांगितलेलें प्रमाण असतें वाटीचें. उकडीच्या मोदकांस ‘पिठाइतकेंच पाणी’ घ्यावें असें सांगतात. येथें ‘इतकेंच’ म्हणजे मापानें, वजनानें नव्हे. दोनशें मिलिलिटरच्या वाटींत पाणी २०० ग्राम राहतें, पण तांदळाचें पीठ सुमारें १३० ग्रामच मावतें. दोन्ही दोनशें-दोनशें ग्राम तोलून घेतलीं, तर एक वाटी पाण्यास दीड वाटी पीठ पडेल. उकड कोरडी होऊन मोदकाची पारी चिरेल, आणि दोष मात्र तांदळास दिला जाईल.

याचें कारण दाण्यांमधील पोकळी. त्याच वाटींत तांदूळ सुमारें १६५, साखर १७०, रवा १४०, तर न दाबतां भरलेला ओल्या नारळाचा चव ७० ग्रामांच्या आसपास भरतो. म्हणून सर्व जिनसांस एकच आंकडा लावणें व्यर्थ होय.

हे आंकडेहि केवळ दिशा दाखविणारे आहेत. पीठ चाळलेलें कीं दाबलेलें, तांदूळ उकडा कीं सुरय, यावर वजन पालटतें. तसेंच माप शिगेचें होतें कीं कांठाबरोबर सपाट केलेलें, हें विचारल्यावांचून जुनें प्रमाण उतरून घेऊं नये. पावसाळ्यांत किनाऱ्यावरील दमट हवेनें पीठ-मीठ ओल धरतें, हेंहि ध्यानांत असावें.

उपाय सोपा आहे. घरांतील नेहमींचीच वाटी घ्यावी. रिकामी असतां तिचें वजन करावें. मग वडील माणसांकडूनच ती त्यांच्या संवयीप्रमाणें भरवून घ्यावी व पुन्हां तोलावी. असें तीन वेळां करून मध्यम आंकडा वहींत टिपावा. पाण्यानें भरून तोललें, कीं वाटी किती मिलिलिटरची तेंहि कळतें.

पुस्तकांतील वाटी सर्वांची असते; आपल्या घरची चव आपल्या घरच्या वाटीशीं बांधलेली असते. ती वाटी आणि ती भरणारा हात घरांत आहे तोंच ही नोंद करून ठेवावी.