सहलीला निघताना मुलांच्या हातात किती पैसे द्यायचे?

गणपती गेले. पेणच्या कारखान्यांत रंगकामाला, आखणीला जाणाऱ्या आपल्या बायकांचा हिशोब आता हातात पडतोय. रोह्याकडच्या मैत्रिणी भातकापणीच्या तयारीत आहेत. दिवाळीला साधारण सहा आठवडे उरलेत आणि घराघरांत मुलांनी विचारायला सुरुवात केली असेल, यंदा कुठे जायचे? मे महिन्यात मूर्तींच्या कामामुळे आपल्याला उसंत नसते, म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ घरांची सहल दिवाळीच्या सुट्टीतच निघते. कोणी पाली-महडला, कोणी मुरूडला जंजिरा बघायला, जरा ऐपत असली तर महाबळेश्वर नाहीतर कोल्हापूर.

मागच्या आठवड्यात एका गटाच्या बैठकीत हाच विषय निघाला. गाडीभाडे किती, राहायचे कुठे, यावर दहा मिनिटांत बोलून झाले. अडले ते आठवी-नववी-दहावीतल्या मुलांच्या हातखर्चावर. एक ताई म्हणाल्या, "पैसे दिले की वेफर्स आणि गेममध्ये उडवतात, द्यायचेच नाहीत." दुसऱ्या म्हणाल्या, "नाही दिले तर रस्ताभर आई हे दे, आई ते दे." तिसऱ्या ताई अगदी सहज बोलून गेल्या, "मुलाला देतो आम्ही. मुलीला काही लागतच नाही." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा असेच म्हणत होते.

तेव्हा आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. आम्ही चौघे, सासूबाई, आणि दीर-जाऊबाईंचे कुटुंब. मुलगी चौदा वर्षांची, मुलाला नुकतीच बारा पूर्ण झालेली. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे माझे आणि मुलीचे अर्धे, आणि बारा वर्षे पूर्ण झाली म्हणून मुलाचे पूर्ण. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट लागेपर्यंत तो सगळ्यांना सांगत होता, "माझं तिकीट ताईपेक्षा महाग आहे!" पैसे सगळे माझ्या पर्समध्ये. मुलगा मागायचा, मी कुरकुरत द्यायचे. प्रतापगडाखाली सरबत, वेण्णा तलावावर घोडा, मग फुगे फोडायची बंदूक, मग काळा चष्मा. मुलगी काहीच मागत नव्हती. मी जाऊबाईंना मोठ्या अभिमानाने म्हटले, आमची ताई फार समजूतदार.

परतताना एका स्टँडवर गाडी थांबली. मी सासूबाईंना घेऊन स्वच्छतागृहाच्या रांगेत होते. मुलीची पाळी चार दिवस आधीच आली. समोर मेडिकलचे दुकान दिसत होते. पण तिच्याजवळ एक रुपया नव्हता आणि जवळ उभे होते तिचे बाबा आणि काका. ती काही बोलली नाही. गाडी सुटली आणि पेणपर्यंत ती अंग चोरून, मांडीवर पिशवी धरून बसून राहिली. घरी आल्यावर मला कळले. मी विचारले, "अगं, मागितले का नाहीस?" ती म्हणाली, "काकांसमोर कसं मागू?"

त्या रात्री मी आठवून आठवून बेरीज केली. मुलाला सुटे सुटे करून सातशेच्या आसपास दिले होते. मुलीला चाळीस रुपये, तेही कणसाचे.

मैत्रिणींनो, गटात येण्याआधी आपण काय करत होतो? केसाला पिना हव्या असल्या तरी घरात कोणाचा मूड बरा आहे ते बघून मागायचो. आता बैठकीत आपणच सांगतो, बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे हवेत. आणि घरी मीच पर्स घट्ट धरून बसले होते. जे मूल मागते त्याला मिळते, जे लाजते त्याला मिळत नाही. मागण्यावर पैसे वाटले की असेच होणार.

मागच्या दिवाळीत कोल्हापूरला जायचे ठरले, तेव्हा आम्ही पद्धत बदलली. आधी दोन खाती केली. घराचे खाते म्हणजे प्रवास, राहणे, दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, पाणी, तिकिटे, देवळातला नारळ, आजीसाठी न्यायची वस्तू. मुलांचे खाते म्हणजे रंकाळ्यावरची भेळ, घोडा, खेळ, मैत्रिणीला न्यायची भेट, अंगावर घालायची आवडीची वस्तू. ही रेघ निघायच्या आधी मुलांसमोर, कागदावर ओढायची. दुकानाच्या दारात उभे राहून ओढली तर भांडणच होते. आमच्याकडे पाण्याच्या बाटलीवरून वाद झाला. पाणी घराचे, थंड पेय ज्याचे त्याचे, असे ठरले.

आता रक्कम. शेजारणीने किती दिले यावरून ठरवू नका. सहलीचा एकूण आकडा आधी घ्या. आमचा सगळ्यांचा मिळून 15,000 रुपयांचा होता. त्यातून 1,200 मुलांच्या खात्याला काढले, दोघांना प्रत्येकी 600. तीन दिवसांना भागले तर दिवसाचे 200. तुमची सहल पालीची एका दिवसाची असेल तर 50 रुपयेही पुष्कळ. एसटीच्या अर्ध्या तिकिटामुळे माझे आणि मुलीचे जे पैसे वाचले, ते मी वहीत वेगळ्या ओळीत लिहिले आणि 1,200 मधला काही भाग त्यातूनच निघाला. आत्तापासून दर आठवड्याला 50 रुपये डब्यात टाकले तरी दिवाळीपर्यंत 300 होतात. गटाचे अंतर्गत कर्ज मात्र या हातखर्चासाठी उचलू नका, हे मी स्पष्ट सांगते. कोणाच्या आजारपणाला, खताला लागणारे पैसे आहेत ते.

मुलगा-मुलगी दोघांना सारखेच द्यायचे. आणि मुलीच्या पिशवीत पॅड आणि 100 रुपयांची वेगळी नोट, ती घराच्या खात्यातली. तिचा हिशोब कोणी विचारायचा नाही. लागली नाही तर पुढच्या महिन्याला राहू दे. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळतो, निघायच्या आधीच घेऊन ठेवता येतात.

सगळे पैसे एकदम द्यावेत का? मला विचाराल तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एकदम द्यावेत. त्याहून लहान असतील तर दोन हप्ते करावेत. मुलाला मी निघताना 400 दिले आणि शेवटच्या दिवशी सकाळी 200. बरे झाले, कारण 400 दुसऱ्या दिवशी दुपारीच संपले. त्याने लगेच हात पुढे केला. इथे आईची खरी परीक्षा असते, आजूबाजूची चार माणसे बघत असतात आणि "द्या हो पोराला" म्हणतात. मी दिले नाहीत. उचल हवी असेल तर मिळेल म्हटले, पण वहीत लिहून, आणि शनिवारच्या खाऊच्या पैशांतून फेड. व्याज नाही. त्याने विचार केला आणि उचल घेतलीच नाही. जेवणखाण कधी तोडायचे नाही, ते घराच्या खात्यातले आहे.

उरलेले पैसे मुलांचेच, हे आधी सांगा आणि पाळा. परत घेणार म्हटले की शेवटच्या स्टँडवर ती काहीतरी घेऊन पैसे संपवतात. त्यांच्या जागी आपण असतो तरी तेच केले असते. आणि रोज रात्री उलटतपासणी नको. मुलाने काय घेतले ते त्यानेच त्याच्या वहीत लिहावे. आपल्या गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे आहेत. पैसे कशावर खर्च केले म्हणून बाईला रागावणे त्यात कुठे आहे?

काही मुली सुट्टीत घरी पापड लाटायला मदत करतात. त्याचे दोन पैसे त्यांच्याकडे असले की आपण पटकन म्हणतो, "तुझ्याकडे आहेत ना, तेच वापर." असे करू नका. भावाला सहलीचे पैसे घरातून आणि तिने मात्र स्वतःच्या कष्टाचे मोडायचे, हे तिच्या लक्षात राहते.

चुलत भावंडे बरोबर असली तर जाऊबाईंशी आधी बोलून घ्या. त्यांच्या मुलाला हजार आणि तुमच्या मुलाला तीनशे असतील तर सहलीभर तोंड फुगलेले राहते. आकडा एक होत नसेल तर निदान आपल्या मुलाला निघण्याआधी खरे कारण सांगा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घराची ओढाताण कळते, ती लपवली की मात्र त्याला अपमान वाटतो.

राहिला फोन. सहलीत आईचा फोन मुलांच्या हातात आणि यूपीआयचा पिन त्यांना पाठ, असे घरोघरी आहे. पन्नास, ऐंशी, साठ असे जात राहतात आणि बँकेचा मेसेज वाचायला वेळ नसतो. म्हणून सहलीत मुलांना नोटाच द्या. नोट हातातून जाताना दिसते. पिन बदला, आणि निघायच्या आधी बदला. मुलाचे स्वतःचे बँक खाते काढायचे असेल तर रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये सांगितल्याप्रमाणे दहा वर्षांपुढच्या मुलांना बचत खाते स्वतः चालवायला देता येते, मर्यादा बँक ठरवते. (रिझर्व्ह बँकेचे नाव घेतले की मला उगाच आपलेपणा वाटतो. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी जन्मले.) पण ते खाते वर्षभराच्या बचतीसाठी. रंकाळ्यावर भेळ खायला नोट पुरते.

कोल्हापूरहून येताना मुलाकडे 15 रुपये उरले होते. त्याने बंदुकीवर आणि खाण्यावर सगळे घालवले आणि तो खूश होता. मुलीने पहिले दोन दिवस फक्त भेळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी चपलांच्या दुकानात तिने चार जोड घालून बघितले, मला न विचारता घासाघीस केली, 450 ला चप्पल घेतली आणि माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. चप्पल तिला थोडी घट्ट होती. मला दिसत होते. मी बोलले नाही. नंतर तिने घरी तेल लावून ती सैल केली.

आता पुढच्या बैठकीत प्रत्येकीने दोन आकडे लिहून आणा, मागच्या सहलीत मुलाला किती दिले आणि मुलीला किती. आठवत नसेल तर मुलीला विचारा, तिला आठवत असते.