विद्यापीठात जागा मिळते, हव्या त्या विषयात मिळतेच असे नाही

शिक्षण अर्धवट टाकून नोकरीला लागलेली किंवा संसारात गुंतलेली व्यक्ती पस्तिशीत पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढते, याचे अमेरिकेत कुणाला नवल वाटत नाही. 'नॉन-ट्रॅडिशनल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी सर्वांत रुळलेली वाट कॅलिफोर्नियात आहे. राज्याच्या १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्याने ती आखून दिली. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचे. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात मिळणाऱ्या प्रवेशाशी हे बरेचसे मिळतेजुळते आहे. राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि तेथील प्रवेशाला ना वयाची आडकाठी, ना शाळेतील गुणांची.

गुंतागुंत पुढे सुरू होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदलीसाठी राज्यातील रहिवाशाला ६० सेमिस्टर युनिट आणि ४ पैकी २.४ जीपीए एवढी किमान पात्रता लागते. ती विद्यापीठाची पात्रता झाली. संगणकशास्त्रासारख्या विषयासाठी स्पर्धा याच्या कितीतरी वरच्या पातळीवर असते. सहा परिसर ठरावीक गुण मिळवणाऱ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हे तीन परिसर देत नाहीत आणि हमी देणाऱ्यांतही काही ठिकाणी मागणी असलेले विषय वगळलेले असतात.

यावर तोडगा म्हणून 'आधी सोप्या विषयात शिरा, मग बदलून घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो आता घातकच म्हणावा लागेल. बर्कलीत पूर्वी आवश्यक अभ्यासक्रमांत ३.३ जीपीए मिळवणाऱ्याला संगणकशास्त्र घेता येत असे. २०२३ पासून या विषयाचा प्रवेश विद्यापीठात दाखल होतानाच ठरू लागला. नंतर शिरू पाहणाऱ्यांसाठी अगदी थोड्या जागा उरल्या.

म्हणूनच निर्णायक ठरते ते पहिल्या सत्रातील विषयांची निवड. कॅलक्युलसचे दोन भाग, मग लिनिअर अल्जिब्रा. एकीकडे प्रोग्रॅमिंग आणि त्यानंतर डेटा स्ट्रक्चर्स, अशी ही साखळी आहे. आधीची कडी पुरी झाल्याशिवाय पुढची हाती लागत नाही. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी एकच विषय घेणाऱ्याला ती दोन वर्षांत पुरी करणे जवळजवळ अशक्य असते. त्यातून अर्ज साधारणपणे वर्षातून एकदाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, घेतले जातात आणि पुढच्या वसंत सत्रापर्यंत सर्व आवश्यक विषय संपवावे लागतात. एक विषय राहिला तर अख्खे वर्ष जाते. कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कुठे धरला जातो, याचे तक्ते 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ते पाहायचे ते शुल्क भरण्यापूर्वी.

जुन्या गुणपत्रिका हा या विद्यार्थ्यांचा हळवा विषय. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कॉलेजचीही माहिती द्यावीच लागते. लपवलेली उघडकीस आली तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. नापास झालेला विषय पुन्हा घेऊन श्रेणी सुधारण्याची सोय मात्र आहे. आपल्याकडची पदवी घेऊन तिकडे स्थायिक झालेल्यांसाठी, विशेषतः पतीच्या नोकरीमुळे गेलेल्या महिलांसाठी, आणखी एक पेच आहे. या विद्यापीठाचे परिसर दुसऱ्या पदवीसाठी सहसा अर्जच घेत नाहीत. पुण्याची बी.कॉम. असणारीने दोन वर्षे कॉलेज करून मग हे कळून घेण्यापेक्षा आधीच पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करणे शहाणपणाचे.

वयाचा फायदा होतो तो अर्जातील लेखनात. प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरे लिहावी लागतात. त्यांतील एक निवडलेल्या विषयाच्या तयारीबद्दल असते. रुग्णालयात नोंदी ठेवताना किंवा गॅरेजमध्ये काम करताना तो विषय कसा भेटला, हे सांगता येते. नुसत्या हालअपेष्टांच्या वर्णनाने ते उत्तर पुरे होत नाही.

घर, मुलांची शाळा आणि नोकरी सोडून शहर बदलणे ज्यांना परवडत नाही, त्यांना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे परिसर अधिक सोयीचे पडतात. कारण तेथे स्थानिक अर्जदारांना सहसा झुकते माप मिळते. सॅन होजे स्टेटसारखा परिसर तर मागील प्रवेशाच्या वेळी कोणत्या विषयाला किमान किती गुण लागले, याचे आकडेही जाहीर करतो.