कागदी पिशवी : कागद व खळ

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कागदी पिशवीची गरज वाढली. नागपूर जिल्ह्यातील शाळांत कार्यानुभवाच्या तासाला ती सहज करविता येते. मात्र रद्दी सर्वत्र चालत नाही, हे शिक्षकबंधुभगिनींनी मुलांस समजावून द्यावे. गरम आलुबोंड्याच्या तेलात वर्तमानपत्राची शाई उतरते व पोटात जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली अशा कागदाविरुद्ध सूचना दिली, ती याचसाठी. रद्दीची पिशवी साबण, खिळे यांस ठेवावी. डाळ-तांदळास कोरा खाकी कागद घ्यावा. तळाची घडी दुहेरी हवी, कारण वजन तेथेच येते. पुस्तकबांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. अन्नाच्या पिशवीस हे विष मुळीच नको. नुसत्या मैद्याची खळ लवकर आंबते, म्हणून तासापुरतीच शिजवावी.