चार बोटांचा प्ले

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी जिवतीहून गडचांदूरकडे घाट उतरताना जीपचं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि दोन्ही चाकं थरथरायला लागली. स्टिअरिंग हातात मावेना. मागच्या बाकावर शेजारच्या आजी होत्या, त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. ब्रेक हळूहळू दाबत गाडी जवळजवळ थांबवली, तेव्हा कुठे थरथर गेली. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त सळई घट्ट धरून बसल्या होत्या.

खरं तर इशारा वर्षभर आधीच मिळाला होता. स्टिअरिंगमध्ये चार बोटांचा प्ले होता, म्हणजे ते चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नव्हतं. एका गॅरेजात स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून मिळाला. स्टिअरिंग जड झालं, प्ले मात्र आठवड्यात परत आला. दुखणं बॉक्समध्ये नव्हतंच.

माझी गाडी सीजे-३बी. महिंद्रानं १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्यातलं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं आणि १९६८ साली बंद झालं. आपल्याकडे मात्र ते पुढेही कितीतरी वर्षं बनत राहिलं. माणिकगडच्या डोंगरात पावसाळ्यात पाटणकडच्या वाडीवस्तीवर जायचं तर चारही चाकं ओढणारी गाडीच लागते, म्हणून ती विकायचा विचार मनात आला नाही.

या जीपमध्ये स्टिअरिंग बॉक्सपासून एक दांडी चेसिसच्या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या बेलक्रँकला, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या आर्मला, जाते. तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. दांडीची दोन टोकं, बेलक्रँकची पिन आणि टाय रॉडची चार टोकं, असे सात सांधे झाले. प्रत्येकात केसभर ढिलाई आली, तरी सातांची बेरीज हातात चार बोटं होते. एकच सांधा बदलून ती जात नाही.

घाटातल्या त्या प्रसंगानंतर जीप मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मला सीटवर बसवलं. “गुरुजी, चाकं जमिनीवरच राहू द्या. स्टिअरिंग थोडं इकडं, थोडं तिकडं, एवढंच करा.” ते स्वतः खाली झोपले आणि एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो सांधा गेला. बेलक्रँकची पिन काढली, तर ती एका अंगानं झिजून अंडाकृती झाली होती.

मग चाक जॅकवर उचललं आणि वर-खाली धरून हलवलं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर दोष हबच्या बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या पिनेवर डावी-उजवीकडे वळतं तिचा. आमचा राहिला. साध्या ट्रकच्या पुढच्या चाकाला एकच अखंड किंगपिन असते. इथे मात्र चाक फिरवणारा शाफ्ट मधूनच जातो, म्हणून पिन वर एक आणि खाली एक, दोन्हींना वेगळं बेअरिंग. सील फाटलं होतं. आत काळ्या रानाचा चिखल शिरून ग्रीसची खळ झाली होती आणि खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरचे वळ उठले होते. बेअरिंगं आणि सील नवी टाकली. ताण बसवायला झाकणाखाली पातळ शिम घालत गेलो आणि सील बसवण्याआधी किराणा दुकानातला ताणकाटा अडकवून चाकाचा नकल ओढून पाहिला. सहा किलोच्या आसपास तो सरकला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “झालं.”

हे सगळं करण्याआधी कमानीचे पाटे मात्र नीट करून घेतले होते. डावे पाटे बसले होते, शॅकलचे बुश गेले होते. पाट्यांवर अॅक्सल कसा बसतो, यावर किंगपिनचा कल ठरतो. सायकलचा चिमटा जसा तिरका असतो, तशी या जीपची किंगपिन साधारण ३ अंश मागे झुकलेली असावी लागते. तो कल असला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं. पाटे बसले की कल बिघडतो, मग टाय रॉड कितीही नवे टाका.

सगळं जोडल्यावर पुढच्या दोन्ही टायरवर खडूच्या रेघा मारून त्यांच्यामधलं पुढचं-मागचं अंतर मोजलं. पुढचं अंतर दीड-दोन मिलिमीटर कमी हवं. बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी, चाकं सरळ ठेवून. आता प्ले एका बोटाचाही नाही.

जुनी जीप चालवणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दुसऱ्याला स्टिअरिंगवर बसवून स्वतः गाडीखाली झोपा आणि सांध्यांना बोट लावून बघा. ग्रीस पंप मारायला कंटाळू नका. टाय रॉडला किंवा स्टिअरिंगच्या आर्मला वेल्डिंग कधीही करू नका. वाकला, चिरला तर नवाच घाला. घाटात मागच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात धरायला फक्त सळई असते.